धर्मशिक्षण, दूरस्थ

धर्मग्रंथ, तत्त्वविचार व उपासनापरंपरा यांचे शिक्षण गुरुगृही वा पाठशाळेत निवास न करता टपाल, छापील पाठ किंवा आंतरजाल यांच्या द्वारे घेण्याची पद्धती. ती संगणकयुगाची निर्मिती नव्हे. विल्यम रेनी हार्पर या अमेरिकन विद्वानाने १८८१ मध्ये हिब्रूचे पाठ टपालाने शिकविण्यास प्रारंभ केला. पुढे शिकागो विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष या नात्याने तेथेही त्याने पत्रद्वारा अध्यापनाची सोय केली.

या पद्धतीला निश्चित रूप लाभले ते ग्वातेमालात. तेथील प्रेसबिटेरियन पाठशाळेत शिकलेल्यांपैकी थोडेच ग्रामीण मंडळ्यांकडे परतत. ज्यांच्यावर त्या मंडळ्यांचा भार होता, त्या प्रौढांना शेती व कुटुंब सोडून येणे अशक्य होते. म्हणून १९६३ पासून शिक्षकच त्यांच्याकडे जाऊ लागले. घरी स्वाध्याय, ठराविक दिवशी जवळच्या केंद्रात चर्चा आणि चालू सेवाकार्य अशी तिची तीन अंगे होत. टेड वॉर्ड याने तिला कुंपणाची उपमा दिली : अभ्यास व अनुभव हे दोन आडवे वासे, तर चर्चासत्रे हे त्यांना जोडणारे खांब. भारतात बंगलोर येथे १९७१ मध्ये या पद्धतीचे संघटित कार्य सुरू झाले.

हिंगोली जिल्ह्यात (स्थापना १ मे १९९९) हीच अडचण वारकरी अभ्यासकांपुढे येते. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदी येथे स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेचा अभ्यासक्रम चार वर्षांचा व निवासी आहे. हळद, सोयाबीन वा कापूस पिकविणाऱ्या गृहस्थास तो सहसा परवडत नाही. अशांसाठी आंतरजालावरील अभ्यासक्रम उपयुक्त ठरू शकतो. मात्र प्रवचनांच्या चित्रफिती पाठविणे म्हणजे अध्यापन नव्हे. नरसी हे या जिल्ह्यातील गाव नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. गोरा कुंभारांनी त्यांना कच्चे मडके ठरविल्यावर ते औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडे गेले, अशी आख्यायिका आहे. तिची ऐतिहासिकता कशीही असो, शिष्याला काय उमगलेले नाही हे आधी हुडकणारा गुरू तीत दिसतो आणि दूरस्थ अध्यापनात नेमके हेच निसटते.

त्यामुळे पाठ लहान असावेत, ध्वनिमुद्रण कमी क्षमतेच्या भ्रमणध्वनीवरही ऐकता यावे आणि प्रत्येक पाठानंतर विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत एखाद्या ओवीचा वा अभंगाचा अर्थ लिहावा किंवा बोलून पाठवावा. शिक्षकाचे उत्तर आठवड्याच्या आत पोहोचले नाही, तर पुढचा पाठ बहुधा उघडलाच जात नाही. केवळ पर्यायी उत्तरांच्या परीक्षेने पाठांतर मोजता येते, विवेचनशक्ती नाही. वेळापत्रकही स्थानिक असले पाहिजे : पेरणीच्या व आषाढी वारीच्या दिवसांत लेखी काम मागणे व्यर्थ होय. स्त्रियांच्या बाबतीत ही सोय विशेष मोलाची आहे. कारण घराबाहेर दीर्घ निवास त्यांना क्वचितच शक्य होतो.

महाराष्ट्रात दूरस्थ उच्च शिक्षणाचा पाया नासिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने (१९८९) विस्तारला. पदवी देण्याचा अधिकार मात्र कायद्याने विद्यापीठांपुरताच मर्यादित असल्याने धार्मिक संस्थांची प्रमाणपत्रे पदवीसमान ठरत नाहीत, हे विद्यार्थ्यास प्रवेशापूर्वीच सांगितले पाहिजे. कीर्तनाचे शिक्षण याहून अवघड आहे. टाळ-मृदंगाची साथ, चाल आणि श्रोत्यांचा प्रतिसाद यांचा मेळ पडद्यावर साधत नाही. त्यासाठी काही दिवसांची प्रत्यक्ष शिबिरे ठेवावीच लागतात.