तरुणांची सोबत: आधी ऐका, मग सांगा



"या रविवारी मी मिस्साला येणार नाही." सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने असं म्हटलं की तुम्ही काय करता? वसईहून सिंगापूरला आलेल्या कॅथलिक घरांतही हे वाक्य कधी ना कधी येतंच. कुणी ओरडतं, कुणी आजीच्या जपमाळेची आठवण देतं, कुणी गप्प बसतं. आणखी एक वाट आहे. तिला चर्चमध्ये 'सोबत करणं' म्हणतात.

मार्च 2018 मध्ये सुमारे 300 तरुण रोममध्ये जमले होते. आपल्याला कसे मार्गदर्शक हवेत, हे त्यांनी लिहून दिलं. माणसं परिपूर्ण नसली तरी चालतील, पण आपली माणूसपणाची मर्यादा मान्य करणारी हवीत. मागून या म्हणणारी नकोत, शेजारून चालणारी हवीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात तरुणांविषयी सिनड भरला आणि त्याचा अंतिम दस्तऐवज अम्माऊसच्या कथेवर बेतला गेला.

ही कथा लूकच्या शुभवर्तमानात, 24व्या अध्यायात आहे. येशूचे दोन शिष्य निराश होऊन यरुशलेम सोडून निघाले आहेत. येशू त्यांना गाठतो, पण "मागे फिरा" म्हणत नाही. ते जिकडे चालले आहेत तिकडेच त्यांच्याबरोबर चालतो. "कशाबद्दल बोलताय?" असं विचारतो आणि सगळं ऐकून घेतो. मग खडसावतोही, शास्त्र उलगडून सांगतो. गाव आल्यावर मात्र पुढे जाऊ लागतो. त्यांनी आग्रह केला तेव्हाच थांबतो. ओळख पटताच तो दिसेनासा होतो आणि ते दोघे त्याच रात्री आपण होऊन परततात.

म्हणजे सोबत करणं म्हणजे प्रत्येक गोष्टीला मान डोलावणं नव्हे. स्पष्ट बोलावं, पण ऐकून झाल्यावर.

सिंगापूरमध्ये मुलांचे प्रश्नही वेगळे. वर्गात बौद्ध, मुस्लिम, हिंदू मित्र असतात, "आपलाच धर्म का?" हे ती विचारणारच. 13 सप्टेंबर 2024 रोजी इथल्या कॅथलिक ज्युनियर कॉलेजात पोप फ्रान्सिस निरनिराळ्या धर्मांच्या तरुणांना भेटले. चूक होईल या भीतीने घरी बसू नका, असाच त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

माझ्या आयटीच्या कामात प्रत्येक टप्प्याला तारीख असते. इथे नसते. 'सहा महिन्यांत परत आणायचा' असा हिशेब मनात ठेवून तुम्ही बोलायला बसलात, तर मुलाला तो लगेच कळतो. परीक्षा येतील, मुलगा नॅशनल सर्व्हिसला जाईल, मध्ये महिनोन्‌महिने विषयही निघणार नाही. तरी सोबत सोडू नका.

घराबाहेरचं कुणी सोबत करत असेल, तर भेटी उघड्यावर आणि पालकांना ठाऊक असलेल्या हव्यात. गुपित ठेवायला सांगणारी सोबत ही सोबतच नव्हे.

तेव्हा पुढच्या वेळी मुलगा "येणार नाही" म्हणाला, तर विचारा, "काय खटकतंय?" आणि उत्तर पुरं होईपर्यंत थांबा. तुम्ही मात्र मिस्साला जा. घराचं दार आणि जेवणाचं ताट त्याच्यासाठी नेहमीसारखंच असू द्या.