सगळेच फोटोत यावेत म्हणून : ट्रायपॉड कसा निवडावा?

ईदच्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी आमच्या घरी सगळ्यांचा एक फोटो काढायचा रिवाज आहे. अब्बांच्या इंतकालानंतर अम्मींनी जुने अल्बम काढले, तेव्हा लक्षात आले की ईदच्या एकाही फोटोत अब्बा नाहीत. कॅमेरा नेहमी त्यांच्याच हातात असायचा. त्याच आठवड्यात आम्ही ट्रायपॉड, म्हणजे तीन पायांचा स्टँड घ्यायचे ठरवले.

पहिला घेतला तो फसला. उंची जास्त आणि किंमत कमी, एवढेच आम्ही पाहिले होते. कॅमेरा चढवला की त्याची मान हळूहळू खाली झुके. एकदा गच्चीवर वाऱ्याने सगळेच आडवे झाले आणि लेन्सच्या दुरुस्तीला ट्रायपॉडपेक्षा जास्त पैसे गेले. दुसरा घेताना मात्र एकेक गोष्ट तपासली. तीच येथे सांगत आहोत.

आधी वजन पाहा. आपला कॅमेरा लेन्ससह स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. साध्या डीएसएलआरचे वजन किट लेन्ससह साधारण 700 ग्रॅम भरते. ट्रायपॉड निदान त्याच्या दुप्पट वजन पेलणारा हवा. पायांची आणि वरच्या हेडची क्षमता वेगवेगळी लिहिलेली असेल, तर लहान आकडा खरा धरावा.

उंची मोजताना मधला दांडा खाली ठेवूनच मोजा. दांडा वर ओढला की तीन पायांवरचा कॅमेरा जणू एका काठीवर उभा राहतो आणि हलू लागतो. पायांचे जाड भाग आधी उघडावेत, बारीक नंतर, आणि दांडा अगदी शेवटी.

कार्बन फायबरचा ट्रायपॉड हलका, पण महाग असतो. घरगुती वापराला ॲल्युमिनियम पुरते; थोडे वजन असलेले उलट बरेच. चार भागांचे पाय मिटल्यावर लहान होतात, पण त्यांचा शेवटचा भाग फार बारीक असतो. घरात वापरायचा असेल तर तीन भागांचे पाय घ्यावेत. दांड्याखाली हुक असेल तर वाऱ्यात त्याला पिशवी अडकवता येते.

दुकानात संकोच करू नका. ट्रायपॉड पूर्ण उघडा, वरून तळव्याने दाबा, थोडा पिळून पाहा. पाय घसरले किंवा सांधे खिळखिळे वाटले तर तिथेच सोडा.

एकच ट्रायपॉड अनेक कामांना यावा, अशी आपली अपेक्षा असते. कॅमेऱ्याखालचा स्क्रू बहुतेक सगळीकडे पाव इंचाचाच असतो, त्यामुळे मोबाइलचा क्लॅम्प वेगळा घेऊन त्याच ट्रायपॉडवर बसतो. आमचे उर्दू व्याकरणाचे धडे आम्ही असेच मोबाइलवर चित्रित करतो. फोटोसाठी बॉल हेड झटपट वळते. व्हिडिओ जास्त काढणार असाल तर हँडलचे पॅन हेड बरे. कॅमेऱ्याला लागणारी छोटी प्लेट हरवली की ट्रायपॉड निरुपयोगी होतो. म्हणून बाजारात सहज मिळणाऱ्या अर्का पद्धतीच्या प्लेटचे हेड पाहावे.

थोडे पैसे जास्त पडले तरी मधला दांडा आडवा होणारा प्रकार पाहून ठेवावा. कॅमेरा सरळ खाली तोंड करून बसतो आणि जुने निकाहनामे, हाताने लिहिलेल्या वह्या यांचे स्वच्छ फोटो निघतात. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला वजन अडकवायला विसरू नका, नाहीतर सगळे पुढे कलंडेल. अब्बांची पत्रे आम्ही अशीच एकेक करून उतरवून घेतली. शाई फिकी होत चालली होती.

या ईदला टायमर दहा सेकंदांवर लावला. पहिल्या फोटोत आम्ही धावतानाच आलो, मुले हसली. दुसरा नीट निघाला. घरची अठराही माणसे त्यात आहेत. कॅमेऱ्यामागे कोणी नव्हते.