सोनाबाईंची जाळी

रायपूरहून उत्तरेला तीनशेहून अधिक किलोमीटर गेलं, की छत्तीसगडच्या सरगुजा जिल्ह्यात पुहपुटरा हे गाव लागतं. तिथल्या एका मातीच्या घरातली कला २००९ साली थेट कॅलिफोर्नियात पोचली. सॅन डिएगोच्या मिंगेई संग्रहालयाने सोनाबाई रजवार या एकट्या बाईच्या आयुष्यावर आणि कामावर प्रदर्शन मांडलं. ते बघायला सोनाबाई नव्हत्या. २००७ साली त्या गेल्या.

त्यांचा जन्म १९३०च्या सुमाराचा. कोवळ्या वयात लग्न झालं, तेही वयाने बऱ्याच मोठ्या माणसाशी. प्रदर्शनामागचे अभ्यासक स्टीफन हायलर यांनी नोंदवलंय, की नवऱ्याने त्यांना सुमारे पंधरा वर्षं घराबाहेर पडू दिलं नाही. माहेर नाही, शेजार नाही. मूल झालं तेव्हा त्याला खेळायला त्यांनी मातीची चित्रं केली, आणि तिथून हात थांबलाच नाही.

सोनाबाईंच्या रजवार समाजातल्या बायकांना भिंत नवी नव्हती. सुगीनंतर पौषात छेरत्याचा सण येतो, त्या सुमाराला घरं लिंपून पांढऱ्या मातीने, म्हणजे छुहीने, उजळतात आणि भिंतीवर उठावाची नक्षी काढतात. सोनाबाईंनी ती नक्षी भिंतीतून सोडवून मोकळी उभी केली. बांबूच्या पातळ कामट्या वाकवून कडी करायची, कड्याला कडं बांधत जायचं, वर माती लिंपायची. अंगणाच्या कडेला ही जाळी उभी राहिली, की रखरखीत ऊन तुकड्यातुकड्यांनी आत येतं आणि वाऱ्याला वाट मिळते. मग त्या कड्यांमध्ये त्यांनी वस्ती वसवली: पक्षी, माकडं, साप, बासरीवाला कृष्ण, नाचणारी माणसं. रंगांसाठी बाजार नव्हता. रंगीत माती, झाडपाला, चुलीजवळचे मसाले यांतून त्यांनी रंग काढले. बाहेरच्या जगापासून तोडलेल्या बाईने ते जग घरात पुन्हा घडवलं, असं म्हणायचा मोह होतो. पण मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची गरज ओळखण्याची नजर. उन्हाची तलखी कमी करायची होती, म्हणून जाळी झाली.

भोपाळच्या भारत भवन या कलासंस्थेची माणसं १९८३ साली पुहपुटऱ्यात आली. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्या पुढाकाराने तेव्हाच्या अखंड मध्य प्रदेशातल्या खेड्यापाड्यांत कलावंतांचा शोध चालू होता. गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम त्याच शोधात सापडले. सोनाबाईंचं काम संग्रहालयात गेलं, त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि गावातल्या मुली-बायका शिकायला येऊ लागल्या. आपल्याकडे चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर गेले आणि वारली चित्रं काढणारे जिव्या सोमा मशे यांचं नाव जगाला कळलं, तशीच ही गोष्ट.

नाव कळणं इथे फार मोलाचं आहे. लोककलेच्या दालनांत पाटीवर बहुतेकदा जमातीचं नाव असतं, जिल्हा असतो. करणारी बाई नसते. सॅन डिएगोला प्रदर्शनच सोनाबाईंच्या नावाने होतं. मुलगा दरोगाराम यांनी ती कला पुढे चालवली आणि सरगुजातल्याच सुंदरीबाई रजवार यांनीही आपलं नाव कमावलं.

नवा रायपूरला पुरखौती मुक्तांगणात, २००६ साली राष्ट्रपती कलामांच्या हस्ते खुल्या झालेल्या विस्तीर्ण आवारात, राज्याच्या लोककला मोकळ्यावर मांडल्या आहेत. जाळीला अशीच जागा मानवते. कुणीही ती भिंतीला टेकवून, वर विजेचा झोत सोडून दाखवू नये. तिच्या मागून ऊन यायला हवं, आणि दरवर्षी पौषात तिच्यावर छुहीचा ताजा हात फिरायला हवा. तोही सरगुजातल्या बाईचा, तिला त्याचा मोबदला देऊन.