मुक्या जनावरांचें दुखणें

मी वैद्य नव्हे. पेन्शन घेऊन घरीं बसलेला मॅट्रिक शाळामास्तर आहें. मग जनावरांच्या आजारांविषयीं बोलण्याचा तुम्हांला अधिकार काय, असें कोणी विचारील. अधिकार इतकाच कीं, आमच्या गांवच्या पशुवैद्यांचा दवाखाना माझ्या ओट्यासमोर आहे, सायंकाळीं ते माझ्याकडे चहाला येतात, आणि त्यांच्याकडून जें शिकलों त्याची किंमत मीं एक मांजर गमावून मोजली आहे.

पूर्वीं या दवाखान्याला लोक गुरांचा दवाखाना म्हणत, व तें नांव यथार्थ होतें. परळला पशुवैद्यकाचें कॉलेज १८८६ सालीं निघालें. पण आमच्यासारख्या गांवीं त्या विद्येचा लाभ बहुधा बैल, गाय आणि म्हैस यांनाच मिळे. आतां तेथल्या बांकावर बैलाच्या धन्याशेजारीं चपट्या नाकाच्या पग कुत्र्याची मालकीण बसलेली दिसते. पशुवैद्य म्हणतात, "शेतकरी आपल्या बैलाला बैल समजतो. तुम्ही सुशिक्षित मंडळी मांजराला लेंकरूं समजतां, तेथेंच घोटाळा होतो."

माझा घोटाळा असा झाला. आमची सोनी मांजरी एके दिवशीं निजून राहिली, खाईना, अंग गरम लागलें. तापाला आपल्या घरीं जें देतात तेंच मीं दिलें. पॅरासिटॅमॉलची अर्धी गोळी कुटून जबरीनें पाजली. जीव लहान म्हणून मात्रा लहान, हा माझा त्रैराशिकाचा हिशेब! सायंकाळपर्यंत तिचें तोंड सुजलें, धाप लागली. पशुवैद्यांनीं ओठ उचलून हिरडी पाहिली. ती गुलाबी असावी ती निळसर मातकट झाली होती. "मास्तर, काय दिलेंत?" एवढेंच त्यांनीं विचारलें. त्यांनीं शिकस्त केली, परंतु ती रात्र सोनीनें काढली नाहीं.

याचें कारण त्यांनीं मला पुढें समजावून सांगितलें. माणसाचें यकृत या औषधाला दुसऱ्या एका द्रव्याची जोड देऊन तें बव्हंशीं निरुपद्रवी करतें व लघवीवाटे बाहेर टाकतें. ही जोड देण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत फारच अल्प असते. त्यामुळें औषधाचा विषारी अंश मागें उरतो, आणि रक्तांतील प्राणवायु वाहून नेणारें द्रव्यच निकामी होतें. रक्त तपकिरी पडतें. श्वास चालू असूनहि शरीर गुदमरतें. मात्रा लहान करून येथें भागत नाहीं.

खाण्याचेंहि असेंच. कांदा-लसूण, मग तो कच्चा असो कीं शिजलेला, कुत्र्यामांजरांच्या तांबड्या पेशी फोडतो. द्राक्षें व बेदाणे यांनीं कुत्र्याचें मूत्रपिंड बंद पडूं शकतें. चॉकलेट तर विषच. यावर मीं आक्षेप घेतला, कीं माझ्या लहानपणीं दारचें कुत्रें आमच्या उष्ट्या आमटी-भाकरीवरच जगलें. पशुवैद्य हंसले. "जगलेल्या कुत्र्याची आठवण राहते, मास्तर. मेलेल्याचें कारण कोणी शोधलें होतें?"

बोक्याचें एक दुखणें मुद्दाम सांगतों. तो पुनःपुन्हां बसतो, कुंथतो, कण्हतो. घरचीं माणसें बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजतात. वस्तुतः त्याचा अरुंद मूत्रमार्ग बारीक खड्यांनीं बुजलेला असतो. लघवी अजिबात अडली, तर दोन-तीन दिवसांत प्राण जातो. यांत सकाळची वाट पाहूं नये. गोचिडांचें मात्र सोपें आहे. त्यांवर रॉकेल ओतण्याची रीत सोडावी, कारण त्यानें कातडी भाजते आणि जनावर तें चाटतें. कातडीलगत चिमट्यानें धरून गोचीड सरळ ओढावी. कुत्रें मलूल होऊन हिरडी पांढुरकी दिसली, तर गोचिडाच्या तापाची शंका घ्यावी.

एका विषयावर मात्र या शांत गृहस्थाचा आवाज चढतो, तो म्हणजे पिसाळण्याची लस. लुई पाश्चरनें नऊ वर्षांच्या जोझेफ मायस्टरला ती १८८५ च्या जुलैंत टोंचली. आपल्याकडे कसौलीची संस्था १९०० सालीं निघाली. तरी आजहि लोक म्हणतात, "आमचें कुत्रें घराबाहेर जात नाहीं, लस कशाला?" पिलूं तीन महिन्यांचें झालें कीं पहिली लस व पुढें वैद्य सांगेल त्याप्रमाणें ती नियमानें द्यावी. या रोगाचें विष जखमेपासून मज्जातंतूंच्या वाटेनें मेंदूकडे सावकाश जातें. तें पोंचण्यापूर्वीं लस गांठली तर माणूस वांचतो, लक्षणें दिसूं लागल्यावर बहुधा कोणी वांचत नाहीं. पोटांत चौदा सुया घेण्याची जुनी धास्ती अजून कित्येकांच्या मनांत आहे. ती लस कधींच गेली, आतां दंडांत टोंचतात.

गेल्या पावसाळ्यांत एक गृहस्थ नवें पिलूं तपासायला घेऊन आले. बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी होती, आणि तिच्या मनगटावर हळद थापलेली. गल्लींतलें कुत्रें आदल्या सायंकाळीं चावलें, किरकोळ ओरखडा आहे, असें ते म्हणाले. पशुवैद्यांनीं पिलाकडे पाहिलेंहि नाहीं. मुलीला नळापाशीं नेलें, मला ओट्यावरून हांक मारून साबण मागविला, आणि घड्याळ समोर ठेवून पंधरा मिनिटें ते तो हात वाहत्या पाण्याखालीं धूत राहिले. मग बापलेकींना रिक्षांत घालून सरकारी इस्पितळाकडे धाडलें.

पिलूं तोंवर बांकाखालीं निजून गेलें होतें.