उमेदवारी ठरवणारे मतदारगट

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे तिकीट पक्षश्रेष्ठी वाटत नाहीत. ते राज्याराज्यांतले मतदार ठरवतात. निवडणुकीच्या वर्षात जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत एकामागून एक राज्यांत पक्षांतर्गत मतदान होते. त्याला प्रायमरी म्हणतात. काही राज्यांत त्याऐवजी कॉकस नावाच्या कार्यकर्त्यांच्या सभा भरतात. दोन्हींतून उमेदवारांना प्रतिनिधी मिळतात आणि उन्हाळ्यातल्या अधिवेशनात ज्याच्या मागे प्रतिनिधींचे बहुमत, त्याला उमेदवारी. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री यांना एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली होती. त्यावरून इतका असंतोष उसळला की पुढच्या निवडणुकीपासून ही सूत्रे मतदारांच्या हाती गेली.

मात्र या मतदारांपुढचे सगळे उमेदवार एकाच पक्षाचे असतात. त्यांच्या धोरणांत फारसे अंतर नसले की मत ठरवताना वंश, वय, शिक्षण, धर्म यांचा प्रभाव वाढतो. २००८ ची बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांची लढत हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. कृष्णवर्णीय, तरुण आणि उच्चशिक्षित गोरे मतदार ओबामांकडे झुकले. वयस्कर स्त्रिया, गोरा कामगारवर्ग आणि लॅटिनो मतदार क्लिंटन यांच्याकडे. साउथ कॅरोलायनात डेमोक्रॅटिक मतदारांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते. ओबामांना तिथे ५५ टक्के मते पडली, क्लिंटन यांना २७. मे महिन्यात कोळसा खाणींच्या वेस्ट व्हर्जिनियात, जिथे कृष्णवर्णीय वस्ती अगदी थोडी, क्लिंटन यांनी ६७ विरुद्ध २६ टक्क्यांनी बाजी मारली. तोवर ओबामांची आघाडी जवळपास अभेद्य झाली होती, तरी निकालावर त्याचा परिणाम दिसला नाही. राज्याची लोकसंख्या पाहून तिथला कौल आधीच वर्तवता यावा, इतके हे गट पक्के होते.

गटांचा पाठिंबा प्रतिनिधींत कसा उतरतो, हे नियमांवर अवलंबून असते. डेमोक्रॅटिक पक्षात किमान १५ टक्के मते मिळवणाऱ्यांना मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी मिळतात. १९८८ मध्ये जेसी जॅक्सन यांनी रेटा लावल्यामुळे ही प्रमाणशीर वाटणी पक्षभर लागू झाली. कृष्णवर्णीय मतदारांची ताकद वाया जाऊ नये, ही त्यामागची तळमळ होती. वीस वर्षांनी या वाटणीचा लाभ ओबामांना झाला. शिवाय जिथे पक्षाला पूर्वी जास्त मते पडली, तिथे जास्त प्रतिनिधी. २००८ मध्ये टेक्सासात ऑस्टिन परिसरातल्या एका मतदारसंघाच्या वाट्याला ८ प्रतिनिधी आले. मेक्सिकोच्या सीमेलगतच्या काही लॅटिनोबहुल मतदारसंघांना फार तर त्याच्या निम्मे, कारण तिथे आधीचे मतदान कमी होते. टेक्सासची प्रायमरी क्लिंटन जिंकल्या, पण तिथे प्रायमरीबरोबर कॉकसही झाल्यामुळे दोन्ही मिळून ओबामांकडे ९९ प्रतिनिधी गेले आणि क्लिंटन यांच्याकडे ९४. न्यू जर्सीत अकरा लाखांवर लोकांनी मतदान केले, त्यातून क्लिंटन यांना ११ प्रतिनिधींची आघाडी मिळाली. आयडाहोच्या कॉकसला जेमतेम वीस-एकवीस हजार लोक आले आणि ओबामांनी १२ ची आघाडी घेतली. कॉकसला संध्याकाळी तासन्‌तास थांबावे लागते. त्यामुळे पाळीत काम करणारे गळतात, विद्यार्थी आणि सुशिक्षित उत्साही टिकतात.

रिपब्लिकन पक्षात अनेक राज्ये सगळे प्रतिनिधी पहिल्यालाच देतात. २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनात डोनाल्ड ट्रम्प यांना एक तृतीयांशाहूनही कमी मते मिळाली, पण राज्याचे सर्व ५० प्रतिनिधी त्यांच्या पदरात पडले. महाविद्यालयीन पदवी नसलेला मतदार त्यांच्यामागे एकवटला होता, तर इतरांची मते अनेकांत वाटली गेली. मतविभागणीचे हे गणित काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रायमरीतही चालते. मूळचे बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ मध्ये कृष्णवर्णीयांचे प्राबल्य असलेल्या डेट्रॉइटच्या मतदारसंघात सुमारे २८ टक्के मतांवर डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले, कारण बहुसंख्य गटाची मते अनेक कृष्णवर्णीय उमेदवारांत विखुरली.

राहिला राज्यांचा क्रम. डेमोक्रॅटिक पक्षात आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ही सुमारे नव्वद टक्के गोरी राज्ये कित्येक दशके पहिली येत. तिथे मागे पडलेल्याचा निधी आटे आणि तो माघार घेई. म्हणजे पक्षाच्या सर्वांत निष्ठावान अशा कृष्णवर्णीय मतदारांचे मत विचारण्याआधीच पर्याय घटत. हा सरळ अन्याय होता. २०२० मध्ये जो बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरात पाचवे आले. लॅटिनो मतदारांच्या जोरावर नेवाडा बर्नी सँडर्स यांनी जिंकले. मग कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडन यांना जाहीर पाठिंबा दिला आणि २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाने त्यांना जवळपास निम्मी मते दिली. पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुशर या प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेतली. तीनच दिवसांनी, ३ मार्चच्या ‘सुपर ट्युसडे’ला, त्या दिवशी मतदान झालेल्या १४ पैकी १० राज्ये बायडन यांच्याकडे गेली. सँडर्स यांची भिस्त तरुणांवर होती, पण तरुण मतदार ज्येष्ठांइतक्या संख्येने मतदानाला बाहेर पडत नाही.

२०२४ साठी पक्षाने वेळापत्रक बदलून पहिला मान साउथ कॅरोलायनाला दिला आणि ३ फेब्रुवारी ही तारीख ठरवली. आपली प्रायमरी सर्वांत आधी व्हावी, असा कायदाच असलेल्या न्यू हॅम्पशायरने मात्र २३ जानेवारीलाच मतदान उरकले.