अवकाशात पाना फिरवताना

घट्ट बसलेला बोल्ट पान्याने सैल करताना आपण नकळत पाय जमिनीवर रोवतो. पान्यावर आपण जितका जोर लावतो, तितकाच जोर पाना उलट दिशेने आपल्यावर लावतो. हा न्यूटनचा तिसरा नियम. जमिनीशी होणाऱ्या घर्षणामुळे आपण जागचे हलत नाही आणि बोल्ट फिरतो. समजा, हाच बोल्ट ४०० किलोमीटर उंचीवर, अंतराळस्थानकाच्या बाहेर फिरवायचा आहे. तिथे सगळेच तरंगते. आधार नसेल तर बोल्ट जागेवर राहील आणि माणूसच फिरू लागेल!

जून १९६६ मध्ये जेमिनी-९ए यानातून बाहेर पडलेल्या युजीन सर्नन यांना याचा पुरेपूर अनुभव आला. शरीर स्थिर ठेवण्यातच त्यांची शक्ती संपली, हेल्मेटची काच आतून धुरकट झाली आणि काम अर्धवट सोडून परतावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बझ ऑल्ड्रिन यांनी मात्र अशीच कामे व्यवस्थित केली. फरक ताकदीचा नव्हता. पाय अडकवायला जागा होती, कमरेला पट्टे होते आणि सराव पाण्याखाली झालेला होता. (पाण्यात एक फसगत आहे: पाण्याच्या विरोधामुळे हालचाल लवकर थांबते. अवकाशात ती थांबत नाही.)

दुसरी अडचण पोशाखाची. बाहेर निर्वात असल्याने आतल्या दाबाने पोशाख फुगतो. एक वातावरणाचा दाब ठेवला तर बोटे वाकवणेच कठीण होईल. म्हणून अमेरिकी पोशाखात दाब सुमारे एक-तृतीयांश वातावरण इतकाच ठेवतात आणि श्वासासाठी शुद्ध ऑक्सिजन देतात. पण दाब एकदम उतरला, तर सोड्याची बाटली उघडल्यावर होते तसे रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतील. तेव्हा बाहेर पडण्याआधी ऑक्सिजन घेऊन तो नायट्रोजन शरीरातून काढावा लागतो. एवढे करूनही हातमोजा ताठच राहतो. प्रत्येक वेळी मूठ वळताना जणू रबरी चेंडू दाबायचा, तोही सहा-सात तास.

डिसेंबर १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाचे झार्या आणि यूनिटी हे पहिले दोन भाग एन्डेव्हर शटलच्या यांत्रिक हाताच्या मदतीने जोडले गेले. तरी यूनिटी निर्जीवच होते, कारण त्याला स्वतःची सौरतावदाने नाहीत. वीज झार्याकडून यायची आणि त्यासाठीच्या केबली माणसाने बाहेर जाऊन जोडायच्या होत्या. जेरी रॉस आणि जेम्स न्यूमन यांनी ७ डिसेंबरला सुमारे ४० केबली व जोडण्या बसवल्या, आणि यूनिटीत वीज खेळू लागली. तीन फेऱ्यांत मिळून ते २१ तास २२ मिनिटे बाहेर होते. त्यात त्यांनी धरायचे गज बसवले आणि हत्यारांची पिशवीही ठेवली. ही सोय पुढे येणाऱ्यांसाठी होती.

वर्गात करून पाहा: विद्यार्थ्याला फिरत्या खुर्चीवर पाय उचलून बसवा आणि एका हाताने खिडकीची चौकट बाजूला ढकलायला सांगा. खुर्चीच वळेल. मग दुसऱ्या हाताने गज धरू द्या. शेवटी जाड रबरी हातमोज्यांचे दोन जोड चढवून बारीक नट-बोल्ट बसवायला द्या. किती वेळ लागतो, तो घड्याळात मोजा.