वन्यजीव संरक्षणाचे शिक्षण : पडद्यावर आणि रानात

गोवा राज्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. तरीही एवढ्या लहान प्रदेशात मोले येथील राष्ट्रीय उद्यान आणि सहा अभयारण्ये आहेत. भगवान महावीर, बोंडला, खोतीगाव, नेत्रावळी, म्हादई आणि चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य ही ती सहा होत. राज्यातील शाळांना यांपैकी एखाद्या ठिकाणी एका दिवसात जाऊन परत येता येते. असे असूनही वन्यजीव हा विषय पुष्कळ विद्यार्थ्यांच्या दृष्टीने पुस्तकातील एका धड्यापुरताच राहतो. गवा हा राज्यप्राणी आहे, हे उत्तर त्यांना पाठ असते; तो कोणत्या वेळी चरतो आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी कोठे उतरतो, हे मात्र ठाऊक नसते.

या अज्ञानाची किंमत मोठी आहे. जानेवारी २०२० मध्ये सत्तरी तालुक्यात म्हादई अभयारण्यात एक वाघीण व तिची तीन पिल्ले मृतावस्थेत आढळली. गुरे मारली गेल्याच्या रागातून विषप्रयोग झाल्याचे तपासात पुढे आले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा आहे. १९७६ मधील ४२ व्या घटनादुरुस्तीने वन्यजीवांचे रक्षण व प्राणिमात्रांविषयी दया हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. तथापि कायदा रानाच्या प्रत्येक वाटेवर पहारा करू शकत नाही. ज्या वयात मनाची घडण होते, त्या वयातच ही जाणीव रुजविणे आवश्यक असते.

चित्रपटाचे सामर्थ्य

चित्रपट हे लोकशिक्षणाचे प्रभावी साधन आहे, हे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलेल्या निर्णयात, प्रत्येक खेळाच्या वेळी पर्यावरणविषयक किमान दोन संदेश विनामूल्य दाखवावेत, असा आदेश चित्रपटगृहांसाठी देण्यात आला. शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा सक्तीचा विषय करण्याचे तत्त्वही त्याच निर्णयात स्वीकारले गेले.

एका चित्रपटाने काय साधू शकते, याचे उत्तम उदाहरण गुजरात राज्यात घडले. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क या महाकाय, पण माणसाला निरुपद्रवी असलेल्या माशाची मांसासाठी व यकृतातील तेलासाठी शिकार होत असे. माईक पांडे यांनी आपल्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या चित्रपटात ही शिकार दाखविली. त्यानंतर मे २००१ मध्ये या माशाला कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. पुढे २००४ मध्ये गुजरातेत लोकजागृतीची मोहीम सुरू झाली. प्रसूतीसाठी माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा मोरारी बापूंनी या माशाला दिली, आणि जे कोळी बांधव त्याची शिकार करीत, तेच जाळे कापून त्याला सोडून देऊ लागले. चित्रपटाने डोळे उघडले. परंतु अंतःकरणात पालट झाला तो घरच्या भाषेतील उपमेने. शिक्षकांनी या घटनेतून हाच बोध घेण्यासारखा आहे.

पडद्यावर काय पाहावे, प्रत्यक्ष काय पाहावे

दोन्ही साधनांची क्षेत्रे वेगळी आहेत. जे दृश्य पाहावयास गेल्याने प्राण्याला उपद्रव होतो, ते पडद्यावर पाहावे. जे शांतपणे पाहिल्याने कोणाचीही हानी होत नाही, ते प्रत्यक्ष पाहावे.

ऑलिव्ह रिडले कासवांचे उदाहरण घेता येईल. पेडणे तालुक्यातील मोरजी व मांद्रे आणि काणकोण तालुक्यातील आगोंद व गालजीबाग या किनाऱ्यांवर ही कासवे अंडी घालण्यासाठी येतात. मादी रात्री वाळूत चढते, खड्डा करून सुमारे शंभर अंडी घालते, ती वाळूने झाकते आणि समुद्रात परतते. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात व समुद्रावरील उजेडाच्या रोखाने धाव घेतात. किनाऱ्यावर दिवे असल्यास ती वाट चुकतात. अशा रात्री चाळीस मुलांनी विजेऱ्या घेऊन वाळूवर गर्दी केली, तर जे वाचवावयाचे तेच संकटात येईल. म्हणून अंडी घालण्याचा प्रसंग वर्गात चित्रपटातून दाखवावा. त्यानंतर दिवसा किनाऱ्यावर जाऊन वन खात्याने कुंपण घालून राखलेली घरटी दुरून पाहावीत, तेथील रक्षकाची माहिती ऐकावी आणि किनाऱ्यावरील दिवे व कचरा यांची नोंद करावी.

चित्रपटाची एक मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. छायाचित्रकाराने महिनोन्‌महिने वाट पाहून टिपलेले प्रसंग पडद्यावर तासाभरात उलगडतात. त्यामुळे रानात पाऊल टाकताच वाघ दिसेल, अशी मुलांची समजूत होते आणि तो न दिसल्यास त्यांचा हिरमोड होतो. चित्रपट कसा तयार होतो, हे शिक्षकांनी आधीच सांगितल्यास हा दोष टळतो.

रानातील शाळा

बोंडला येथे प्राणिसंग्रहालय आहे. परंतु सहल पिंजऱ्यांपाशीच संपू नये. सभोवतालच्या रानात वारुळे, पावलांचे ठसे, विष्ठा, कुरतडलेली फळे आणि झाडांवरील नखांचे ओरखडे ही प्राण्यांची अक्षरे वाचावयास मिळतात. चोडण येथे रायबंदरहून फेरीबोटीने जाता येते. तेथे ओहोटीच्या वेळी चिखलावर उड्या मारणारा निवटा, खेकडे, त्यांवर टपलेले बगळे व खंड्या आणि चिखलातून वर आलेली खारफुटीची श्वसनमुळे एकाच ठिकाणी दिसतात. कोण कोणावर जगतो, हे तेथे फळ्यावर काढून दाखवावे लागत नाही.

सहलीची तयारी साधी, पण काटेकोर असावी. अभयारण्यात जाण्यापूर्वी वन खात्याची परवानगी घ्यावी. एका गटात २५ ते ३० हून अधिक मुले नसावीत व सोबत किमान दोन शिक्षक असावेत. सकाळी लवकर निघावे. भडक रंगाचे कपडे, गाणी व ध्वनिवर्धक टाळावेत. पिण्याचे पाणी व प्रथमोपचाराची पेटी जवळ ठेवावी. एका जागी दहा मिनिटे सर्वांनी स्तब्ध बसून जे ऐकू येईल ते वहीत लिहावे. रानातून काही तोडून आणू नये व तेथे काही टाकून येऊ नये.

जवळ अभयारण्य नसले, तरी काम अडत नाही. गावची देवराई, तळे किंवा खाजन शेतीचा बांध हीसुद्धा रानातील शाळाच होय. पूर्वी येथे कोणते प्राणी-पक्षी दिसत आणि आता कोणते दिसत नाहीत, हे मुलांनी आजी-आजोबांना विचारून लिहून काढावे.

अवघड प्रश्न टाळू नये

ज्या मुलाच्या घरची बागायत माकडांनी वा रानडुकरांनी उद्ध्वस्त केली आहे, त्याला केवळ दयेचा उपदेश पोकळ वाटेल. शेतकऱ्याची हानी खरी आहे. ती मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. गावातील एखादा शेतकरी व वनरक्षक यांना एकाच दिवशी शाळेत बोलवावे व दोघांचेही म्हणणे मुलांनी ऐकावे. नुकसान झाल्यास कोणाकडे कळवावे, भरपाईसाठी अर्ज कसा करावा, ही माहिती मुलामार्फत घरी पोहोचली, तर विषाची बाटली हाती घेण्यापूर्वी दुसरा मार्ग आहे, हे त्या घराला कळेल. पहिल्या पावसात बेडूक पकडून खाण्याच्या रूढीविषयीही असेच मोकळेपणाने बोलावे. बेडकांना कायद्याचे संरक्षण आहे आणि ते शेतातील कीटक खातात, या दोन्ही गोष्टी मुलांना सांगाव्यात.

वर्षाची आखणी सहज करता येते. जूनमध्ये बेडकांचे आवाज, २ ते ८ ऑक्टोबर या वन्यजीव सप्ताहात चित्रपट व चर्चा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पक्षिनिरीक्षण आणि त्यापुढे कासवांचा किनारा असा क्रम ठेवावा. प्रत्येक चित्रपटानंतर एक फेरी आणि प्रत्येक फेरीनंतर वर्गात एक तास चर्चा, एवढे पथ्य पाळल्यास पुरे. यास फारसा खर्च येत नाही. मुख्याध्यापकांची संमती, पालकांचा विश्वास आणि वन कर्मचाऱ्यांचे सहकार्य मिळाल्यास कोणत्याही ग्रामीण शाळेला हे कार्य याच वर्षी हाती घेता येईल.